कप्तानसाहेब आणि भुशाचा हवालदार

कप्तानसाहेबांनी पहिल्याच दिवशी आमच्या मोटारीचा हॉर्न काढून घेतला. पान्ह्याने दोन नट सैल केले, भोंगा बाहेर ओढला आणि अण्णांच्या हातात ठेवत म्हणाले, "हा घरी ठेवा. पोरगी शिकली की परत बसवू."

अण्णा म्हणजे माझे वडील. सचिवालयात नोकरीला. त्यांनी भोंग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "अहो कप्तानसाहेब, पण हॉर्नशिवाय गाडी चालवायची कशी?"

"हॉर्न म्हणजे अर्ज आहे, अण्णासाहेब. मला थांबता येत नाही, तरी कृपा करके आपणच बाजूला व्हावं. माझ्या मैदानावर अर्ज चालत नाहीत."

अण्णांची हयात अर्जांवर शेरे मारण्यात गेली होती. ते मनापासून हसले आणि भोंगा पिशवीत घालून टांग्याने घरी परतले. मी मात्र ग्वाल्हेरजवळच्या मुरारच्या त्या उजाड मैदानावर, हॉर्न नसलेल्या गाडीपाशी उभी राहिले. तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि स्वयंपाकघरातल्या स्टोव्हखेरीज कुठलंही यंत्र मी चालवलेलं नव्हतं.

मी मोटार शिकायचं कारण साधं होतं. संस्थान विलीन झालं, मोटारखान्यातल्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या, तेव्हा अण्णांनी हौसेने एक घेतली होती. मध्यभारताची राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला असायची. फायलींच्या पेट्यांबरोबर आमचाही संसार वर्षातून दोनदा हलायचा. ती सगळी वर्षं अण्णांनी ती गाडी स्वतः चालवली. मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. त्याच सुमाराला नवं मोठं राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार, अशी बातमी आली. मला भाऊ नव्हता. आई म्हणाली, ड्रायव्हर ठेवा. अण्णा म्हणाले, "सरकार बदलतंय, राजधानी बदलतेय. आपल्या घरातही थोडं बदललं तर काय होईल?" टोपी बाजारातल्या आमच्या आत्याने ऐकलं आणि ती आठ दिवस आमच्याकडे जेवली नाही.

कप्तानसाहेब रिसाल्यातले. त्यांचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून आले होते आणि घरातले पुरुष त्यानंतर घोड्यावरून फारसे उतरलेच नाहीत, असं ते म्हणायचे. नव्या भरतीच्या पोरांना घोड्यावर बसायला शिकवणं हे त्यांचं काम. संस्थानच्या फौजा हिंदी फौजेत गेल्या तेव्हा तरुणांना तिकडे घेतलं, घोडे इकडेतिकडे गेले आणि पन्नाशीच्या कप्तानसाहेबांना घरी पाठवलं. घरी त्यांना करमेना. मुरारच्या छावणीतल्या एका ओळखीच्या साहेबाने परेडच्या मैदानाचा एक पडीक कोपरा सकाळपुरता वापरू दिला आणि कप्तानसाहेबांनी मोटारशाळा काढली.

ग्वाल्हेरात मोटार शिकवणारे आणखीही दोघेतिघे होते. ते आठवडाभर शेजारी बसून "क्लच दाब, गियर टाक, चल" एवढं सांगत आणि फूलबागेला एक चक्कर मारून आणत. की झाला ड्रायव्हर. कप्तानसाहेब त्याला शिकवणं म्हणत नसत. "ते गाडी चालू करायला शिकवतात," ते म्हणायचे. "गाडी चालू करणं गाडीचं काम आहे. आपलं काम त्याच्या पुढचं."

त्यांच्याकडे पहिला धडा थांबण्याचा. मैदानाच्या एका अंगाला उतार होता. इंजिन बंद ठेवून, गाडी उतारावर नुसती सोडून द्यायची आणि चुन्याच्या रेघेपाशी थांबवायची. रेघेच्या पुढे नाही, मागे नाही. ते जमलं की डोळे रेघेवर न ठेवता लांबच्या चिंचेवर ठेवून थांबवायची. मग वेग वाढवून. असं करत करत कितीतरी दिवस गेले. घरी आई विचारायची, "काय शिकलीस आज?" मी म्हणायची, "थांबायला." आई अण्णांकडे पाहायची.

बोलण्याचीही त्यांची एक तऱ्हा होती. माणसांशी मराठी आणि मोटारीशी हिंदी. "चल बेटी, धीरे से, शाबाश," हे गाडीला. "पाय उचल, पाय उचल," हे मला. प्रसंग आला की मात्र सगळं एक व्हायचं. एकदा मी घाबरून गाडी बंद पाडली आणि हात सोडून बसले, तेव्हा ते ओरडले, "अरे गाडी बंद पडली तर पडू दे, तू क्यों बंद पड़ती है!" सगळ्या शिकाऊंना ते 'जवान' म्हणत. मी एकटीच मुलगी होते, पण मलाही जवानच. आत्याने हे ऐकलं असतं तर आणखी आठ दिवस जेवली नसती.

पायांत रिसाल्याचे उंच बूट, उन्हाळ्यातसुद्धा. घोड्याला टोचायचे टाचेचे काटे तेवढे काढलेले. खाकी कोटाच्या खिशात थंडीत तिळाची गजक आणि एरवी खडीसाखर. हा खाऊ हुशारीबद्दल मिळायचा नाही. गाडी चालवताना काही चुकलं आणि त्यांनी बोट दाखवायच्या आत आपण स्वतः ते सांगितलं, तर मिळायचा. "कप्तानसाहेब, वळणावर मी आरशात पाहिलं नाही." की लगेच गजकचा तुकडा पुढे. चूक लपवली तर मैदानाला पायी चक्कर. मला वाटायचं हा काय पोरखेळ. पण महिन्याभरात असं झालं की चूक होताक्षणीच ती जिभेवर यायची. पुढे मी संसार केला, शाळेत शिकवलं, मुलं वाढवली. ही सवय मला मोटारीपेक्षा इतर ठिकाणीच जास्त उपयोगी पडली.

सगळ्यात वाईट होता चिखल. मैदानाच्या मध्यावर चिकण मातीचा एक पट्टा होता. रोज पहाटे एक भिश्ती पखालीने तिथे पाणी मारून जायचा. त्या पट्ट्यावर गाडी वेगात न्यायची आणि कप्तानसाहेब म्हणतील तिथे करकचून ब्रेक मारायचा. मग गाडी आपली राहायची नाही. मागचा भाग पुढे यायला बघायचा, चिंच खिडकीतून सरकत जायची, मग छावणीच्या बराकी, मग पुन्हा चिंच. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी चाक सोडून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गाडी थांबल्यावर बोटांच्या फटीतून पाहिलं, तर कप्तानसाहेब शांतपणे मिशी पुसत होते.

"काय पाहिलंस?"

"काहीच नाही."

"तेच चुकलं. पाहायचं. जिकडे जायचंय तिकडे पाहायचं. ज्याला धडकायची भीती वाटते, त्याच्याकडे बघायचं नाही. डोळे जिकडे, हात तिकडे. हात जिकडे, गाडी तिकडे. आणि ब्रेकवरून पाय उचल. घाबरलेला माणूस काहीतरी दाबून धरतो. तू सोड. शेपूट ज्या अंगाला पळतंय त्या अंगाला चाक फिरव, ती आपोआप सरळ येईल. फिर से."

फिर से, फिर से, फिर से. रिसाल्यात ते म्हणे नव्या पोराला आधी घोड्यावरून पडायला शिकवत. पडलेला माणूसच सावरून बसतो, असं त्यांचं मत. दुपारी मी चिखलाने माखून घरी यायची आणि आई मला मागच्या दाराने आत घ्यायची.

आणि मग हवालदार. जुन्या बारदानात भुसा भरून त्यांनी एक माणूस केला होता. त्याला रिसाल्यातला आपला जुना कोट आणि टोपी घातली होती. त्याच्या कमरेला लांब दोर. आपण छान वेगात चाललेलो असताना कप्तानसाहेब कधीतरी हात वर करत आणि मैदानाच्या कडेला बसलेला भिश्ती दोर ओढे. हवालदार उड्या मारत गाडीसमोर यायचा. त्याला चुकवायचं किंवा थांबायचं. जमलं तर कप्तानसाहेब काही बोलत नसत. धडक बसली तर गाडी थांबवून खाली उतरायचं, डोक्यावर टोपी असेल तर काढायची आणि पडलेल्या हवालदारापाशी मान खाली घालून उभं राहायचं. ते "बस" म्हणेपर्यंत. त्यानंतर दाभण आणि सुतळी घेऊन त्याचं फाटलेलं पोट शिवायचं. मी त्याला तीनदा शिवलं. तिसऱ्या खेपेला मला खरोखर रडू आलं. कशासाठी ते सांगता येणार नाही. कोट होता, टोपी होती, आणि भुसा सगळा मातीत सांडलेला होता.

नवीन आलेली मुलं हे पाहून हसायची. पण सरदारांचा मुलगा जसा हसला, तसं कोणी हसलं नाही.

हे सरदार म्हणजे एके काळी फौजेतले मोठे अधिकारी, कप्तानसाहेबांचे वरिष्ठ. त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा. देखणा आणि गोड बोलणारा. बापाची नवी गाडी तो ग्वाल्हेरच्या लष्कर भागात अशी उडवायचा की माणसं दुकानांतून बाहेर येऊन बघायची. त्याला शिकायचं नव्हतंच. लायसन देणारे साहेब कप्तानसाहेबांच्या शब्दाला मान देत, म्हणून त्याला त्यांची फक्त चिठ्ठी हवी होती.

"चालवून दाखवा, जवान," कप्तानसाहेब म्हणाले.

त्याने दाखवली. खोटं कशाला बोलू, आम्ही सगळे बघतच राहिलो. एका हाताने चाक, दुसरा हात खिडकीवर, आणि वळणं अशी की जणू गाडी त्याच्या अंगाचाच भाग. कप्तानसाहेबांनी हात वर केला. भिश्त्याने दोर ओढला. गाडी हवालदारावरून गेली आणि पुढे जाऊन ऐटीत थांबली. मुलगा हसत खाली उतरला.

"टोपी काढा," कप्तानसाहेब म्हणाले.

"अहो, भुसा आहे तो, कप्तानसाहेब!"

"आज भुसा आहे. टोपी काढा आणि इथे उभे राहा."

मुलगा गाडीत बसून निघून गेला. चिठ्ठी मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरदार स्वतः आले. मुलगा मागे, मान ताठ. आम्ही शिकाऊ मंडळी चिंचेखाली उभे होतो. कप्तानसाहेबांनी टाचा जुळवून सलाम केला, अगदी जुन्या रीतीने. सरदारांनी तो घेतला आणि म्हणाले, "एका पोत्यासाठी तुम्ही माझ्या मुलाला परत पाठवलंत?"

"जी, सरकार."

"त्याला चालवता येत नाही?"

"फार सुंदर येतं. मला येत नाही इतकं सुंदर. पण त्याच्यासमोर कोणी आलं तर काय होतं ते त्याला अजून माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचं नाही."

सरदारांचा चेहरा लाल झाला. "पूर्वीचे दिवस असते तर मी हुकूम दिला असता."

"आणि मी पाळला असता, सरकार," कप्तानसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "एकदा पाळला होता."

कप्तानसाहेब पुढे बोलत राहिले. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून तेवढी एकदाच ऐकली. "घोडे जाऊन लॉऱ्या आल्या तेव्हा आपण म्हणालात, आठवड्यात पोरं तयार करा. मी म्हटलं, सरकार, होणार नाही, घोडा स्वतः थांबतो, लॉरी थांबत नाही. आपण म्हणालात, हुकूम आहे. मी चाक त्यांच्या हातात दिलं. त्यांना चालवता येत होतं. नाल्यावर बैलगाडी आडवी आली, तेव्हा काय करायचं ते मी शिकवलेलं नव्हतं."

सरदार खाली बघत होते. मग म्हणाले, "तीन पोरं होती."

"चार, सरकार. एक नंतर दवाखान्यात वारला. सगळ्यांत लहान."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तोवर सगळंच मोडत होतं. कोण कोणाला सांगणार?"

सरदार वळले. त्यांनी आपल्या मुलाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते गाडीत बसतील आणि हे मैदान आजपासून बंद. हवालदार अजून तिथेच पडला होता, पोट फाटलेला. कप्तानसाहेबांनी तो शिवू दिला नव्हता. सरदार त्याच्यापाशी चालत गेले, डोक्यावरची पगडी उतरवून त्यांनी काखेत धरली आणि उभे राहिले.

"ये," ते मुलाला म्हणाले. "टोपी काढ."

मुलगा आला. बाप आणि मुलगा शेजारी शेजारी मान खाली घालून उभे राहिले. कप्तानसाहेब "बस" म्हणायचं विसरले असावेत, कारण ते दोघे तसे फार वेळ उभे होते. मग सरदारांनी पगडी घातली आणि गाडी तिथेच सोडून पायी निघून गेले. मुलाने आमच्याकडे न बघता सुतळी मागितली. दाभण कसं धरायचं ते मी त्याला दाखवलं.

तो पुढे रोज आला. चिखलात माझ्यापेक्षा जास्त वेळा फिरला आणि कप्तानसाहेबांच्या खिशातली गजक त्याच्यामुळेच संपायची. वर्षभराने त्याला चिठ्ठी मिळाली. लायसन मिळाल्यावरसुद्धा तो येत राहिला आणि नव्या मुलांना उतारावर थांबायला शिकवू लागला. कप्तानसाहेब गेल्यावर त्यानेच ती शाळा दुसऱ्या जागी चालवली, असं मी भोपाळला ऐकलं. कप्तानसाहेब गेले ते दुपारी जेवून आपल्या खाटेवर पडल्या पडल्या. त्यांच्या पत्नीने बूट काढायला पाय हातात घेतले, तेव्हा कळलं.

पण ते पुढचं. आम्ही ग्वाल्हेर सोडलं तेव्हा ते चांगले ठणठणीत होते.

नवं राज्य झालं आणि मोती महालातलं सचिवालय रिकामं व्हायला लागलं. फायली आधी गेल्या, मग माणसं. लष्करातल्या आमच्या गल्लीत रोज कोणाच्या तरी दारात सामानाचा ट्रक उभा असायचा. हिंदीत बोलणारे शेजारी आणि मराठीत रडणाऱ्या बायका. त्याच दिवसांत मुरारचं मैदान फौजेला हवं झालं आणि कप्तानसाहेबांना जागा सोडावी लागली. त्यांनी तक्रार केली नाही. "मैदान फौजेचंच होतं," म्हणाले. भिश्त्याने शेवटचं पाणी मारलं त्या सकाळी त्यांनी स्वतः चिखलात गाडी फिरवली, गोल गोल, लहान मुलासारखी, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी ते घरी आले. भोंगा स्वतःच्या हाताने बसवला आणि म्हणाले, "मला शिवपुरीला काम आहे. तिथवर येऊ का?"

आईला हायसं वाटलं. तिने आत्यालाही निरोप पाठवला की कप्तानसाहेब बरोबर आहेत. आत्या रडत आली, माझ्या हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, "हळू ने गं." तिच्या तोंडून तेवढं निघालं हेच खूप होतं.

अण्णा पुढे माझ्या शेजारी बसले. मागे देव्हाऱ्याची पेटी मांडीवर घेऊन आई आणि तिच्या शेजारी कप्तानसाहेब. पनिहारची घाटी नीट गेली. मोहना गाव मागे पडलं. रस्ता तेव्हा एका गाडीपुरताच डांबरी, दोन्ही कडांना सैल मुरूम. अण्णांना डुलकी लागली होती. समोरून ट्रक आला, म्हणून मी डावीकडची चाकं मुरुमावर घेतली. त्याच क्षणी ट्रकच्या मागून एक बैलगाडी रस्ता कापत आली. गाडीवर बाई आणि तिच्या कडेवर मूल.

मला त्या बाईचा चेहरा अजून आठवतो, म्हणजे मी तिच्याकडे पाहिलं असणार. पण पाहत राहिले नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे. गाडीचं शेपूट मुरुमावर डावीकडे सुटलं होतं. मी पाय उचलला. बैलगाडीच्या मागे, तिचं चाक आणि बाभळीचं झाड यांच्यामध्ये एक मोकळी जागा होती, आकाशाचा तुकडा दिसत होता. मी त्या तुकड्याकडे पाहिलं. हात आपोआप डावीकडे गेले, मग उजवीकडे. बाभळीची फांदी काचेवरून खरडत गेली आणि रस्ता पुन्हा समोर सरळ आला.

आई म्हणाली, "काय गं, किती हलवतेस! देव कलंडले."

अण्णा जागे झाले नाहीत. गाडी पाव मैल पुढे आली. "कप्तानसाहेब," मी म्हटलं, "ट्रकच्या मागे काय आहे ते मी बघायला हवं होतं."

मागून एक हात पुढे आला. तळव्यावर गजकचा तुकडा होता. दुसऱ्या हाताने त्यांनी माझ्या सीटची कड अजून घट्ट धरून ठेवली होती. त्या हाताकडे पाहून मला कळलं की या माणसाला मागच्या सीटवर बसणं किती अवघड गेलं असेल.

शिवपुरीच्या बस अड्ड्यावर ते उतरले. ग्वाल्हेरची बस लागलेलीच होती आणि ते तिच्याकडे चालायला लागले. अण्णांनी खिडकीतून विचारलं, "अहो, तुमचं इथलं काम?"

"झालं," ते म्हणाले.

मी खाली उतरून वाकून नमस्कार केला. त्यांनी मला वर उठवलं, एक पाऊल मागे सरकले आणि टाचा जुळवून मला सलाम केला. बस अड्ड्यावरची माणसं बघत होती. मला सलाम कसा घ्यायचा ते माहीत नव्हतं. मी पदर सावरला आणि गाडीत जाऊन बसले.

आम्ही लगेच निघालो नाही, कारण अण्णांना चहा हवा होता. त्यामुळे बाकीचं मला दिसलं. कप्तानसाहेब बसमध्ये चढले, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले आणि बस सुरू झाली. हातभर पुढे गेली आणि थांबली. कप्तानसाहेब पुढे वाकून ड्रायव्हरशी काहीतरी बोलत होते. ड्रायव्हर तरुण होता, विशीचा असेल, तोंडात विडी. तो मान हलवत होता. प्रवासी ओरडायला लागले, कंडक्टरने घंटी वाजवली. मग दार उघडलं. आधी उंच बूट खाली आले, मागोमाग ड्रायव्हर, मग कंडक्टर आणि मग निम्मी बस. कप्तानसाहेब पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि टायरवरच्या एका जागी बोट ठेवून काहीतरी समजावू लागले. पाहता पाहता पंचवीसतीस माणसं त्या चाकाभोवती वाकून उभी राहिली.

चहा संपला. मी गाडी सुरू केली आणि गुना गावाकडे जाणारा भोपाळचा रस्ता धरला. वळण घेण्याआधी आरशात पाहिलं, तर ड्रायव्हरने विडी टाकून दिली होती आणि तो बाह्या सरसावून जॅक काढत होता.